शेरा

आधी हात धुतो. साबणाचा वास उडेपर्यंत थांबतो.
नोटांच्या छापखान्यात एकतीस वर्षं हेच केलं,
आता जेलरोडच्या घरी, खिडकीपाशी, करतो.
खेळणं म्हटलं की लोक दुखावतात,
'कलेक्टिबल' म्हणायचं.

आज टेबलावर गंधकासुर.
वीतभर, पिवळा, कानशिलांवर हिरवट झाक.
शहरांचे वास चोरून कुपीत कोंडणारा,
अंक सातपासून एकशे बारापर्यंत
दर महिन्याला न चुकता हरलेला.

आणणारे निशिकांत खैरनार, सातपूरला लेथवर असतात.
रुमालात गुंडाळून आणलाय,
बुधवारच्या बाजारातून अंडी आणावीत तसा.

खोका? नाही.
पाठीमागचं पुठ्ठ्याचं कार्ड? नाही.
म्हणजे निम्मी किंमत उंबऱ्यातच गेली.

भिंग लावतो.
उजवा खांदा ढिला. गुडघा वाकतो, परत येत नाही
(माझाही).
कुपी हरवलेली. मुठीत नुसतं भोक,
त्यात म्हणे आगकाडी बसायची.
डगला मूळचा नाही, ब्लाउजपीसचा आहे,
हातशिलाई, टाक्याला टाका लागून.
मूळचा असता तर आठशे धरले असते.
शून्य लिहिलं,
आणि लिहून झाल्यावरही टाके मोजत राहिलो.

मग नाक.
नाक नाहीच. घासून सपाट.
"पायरीवर," खैरनार म्हणाले, "घाटावर, लहान असताना."
मी मान हलवली.
नाशकात नाक जाणं ही आजची गोष्ट नाही.
तपोवनात एकीचं गेलं
आणि अख्ख्या गावाला नाव मिळालं.
तिच्या नुकसानीचा पंचनामा कुणी केला नाही,
ती कुठल्या बाजूची ते आधीच ठरलेलं होतं.

मागच्या महिन्यात गंगापूर रोडहून एक खैरनार आले होते.
त्यांच्याकडे नायक.
खोका बंद, चिकटपट्टी कंपनीची,
कोपऱ्यात पंचेचाळीस रुपयांची चिठ्ठी जशीच्या तशी.
सव्वीस हजार लिहिताना माझा हात जरा कापला होता.

"ते माझे दादा," हे आपणहूनच सांगतात.
"बाबांनी दोन आणले. दादाचा कपाटावर ठेवला,
चांगला राहावा म्हणून.
माझ्याला काय, व्हिलनच तो."

मग हा लढायचा कुणाशी?

खैरनार बोटं मोजतात.
उदबत्तीच्या घराशी. दाढीच्या ब्रशशी.
एकदा झुरळाशी, रात्रभर.
एकदा द्वारका चौकात रिक्षाच्या चाकाशी, खांदा त्यातलाच.

"जिंकायचा?"
"समोर कोणी नसायचंच ना.
पण जिंकला असं मी कधी म्हटलं नाही.
पुस्तकात तसं नव्हतं."

आणि डगला?
"दादानं शिवला. आईच्या डब्यातली सुई घेऊन.
त्याला हात लावायला दुसरं होतं काय?"

मी खोडरबर उचलतो, परत ठेवतो.
तक्ता तक्ता असतो.
तळपाय उलटा करतो: कर्कटकानं कोरलेलं 'नि. खै.'
वजा पन्नास.
साचा अस्सल, रंग अस्सल, एकूण तीनशे वीस.

विकायचा नाही म्हणतात.
नुसता कागद हवाय, शिक्क्याचा,
दादाकडे आहे तसा.

खाली शेऱ्याचा रकाना उरतो.
दादांच्या कागदावर लिहिलं होतं: न हाताळलेला.
इथे बराच वेळ पेन नुसतं धरून बसलो.
जो शब्द सुचत होता, तो छापखान्यात
एकतीस वर्षांत एकदाही लिहावा लागला नव्हता,
आमच्याकडून सगळं कोरंच बाहेर जायचं.

'चलनात होता,' असं लिहिलं
आणि शिक्का मारला.

शाई ओली होती.
खैरनारांनी कागद घडी न घालता
आधी नाकाशी नेला.